साप दिसला नाही, खूण सापडली नाही: एका मण्यारदंशाचं प्रकरण

रुग्ण: मुलगी, वय १३, वजन ३४ किलो. तक्रार: पहाटेपासून पोटात दुखतं, एक उलटी झाली, घसा दुखतो, गिळता येत नाही. साप पाहिल्याचं कोणी सांगत नाही. अंगावर दंशाची खूण नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातच्या आत, आमच्या ग्रामीण रुग्णालयात आलेल्या मुलीच्या केसपेपरवर एवढंच होतं. भर पावसाळ्यात असा कागद हातात पडला की पहिला विचार गढूळ पाण्याचा येतो. ॲसिडिटीचं इंजेक्शन, एक सलाईन, ‘दुपारपर्यंत बघू’. या मुलीला दुपारपर्यंतचा वेळ नव्हता. पावणेआठला तिचा स्वतःचा श्वास जवळजवळ संपला होता.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण मण्यार चावलेली माणसं बऱ्याचदा ‘साप चावला’ म्हणून दवाखान्यात येतच नाहीत. ती पोटदुखी म्हणून येतात, घशाचा त्रास म्हणून येतात, कधी ‘रात्री जास्त प्यायलाय’ म्हणून आणली जातात, तर कधी झोपेतच गेली म्हणून दवाखान्यात आणलीच जात नाहीत. ओळख पटू नये म्हणून गाव, वाडी आणि घरच्यांचे तपशील वगळले आहेत.

रात्री घरात काय झालं

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातली, डोंगराच्या कुशीतली वाडी. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात भाताची कणगी, दुसऱ्या कोपऱ्यात भिजू नये म्हणून आत आणून रचलेलं सरपण. भातलावणीचे दिवस, त्यामुळे मोठी माणसं दिवसभर चिखलात उभी राहून थकलेली. संध्याकाळपासून वीज नव्हती. मुलगी आजी आणि धाकट्या भावाशेजारी जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती.

अडीचच्या आसपास तिने आजीला हलवलं. आजीने नंतर आम्हाला सांगितलं ते असं: “म्हणली, आजे, काय तरी चावलं. मी अंधारात चाचपलं, हाताला काय लागलं नाय. म्हणलं, मुंगळा आसंल, नीज.” आणि दोघी पुन्हा झोपल्या.

आजीचं यात काहीही चुकलं नाही. मण्यारीचे विषदंत फार बारीक असतात. दंशाच्या जागी आग होत नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. घोणस चावली तर माणूस जागच्या जागी ओरडतो आणि थोड्याच वेळात पाय सुजायला लागतो. मण्यारीच्या दंशाने झोपलेला माणूस कधीकधी नीट जागाही होत नाही. हा साप रात्री फिरतो. उंदीर, पाली, दुसरे छोटे साप खातो. पावसात बिळं पाण्याने भरली की कोरड्या, उबदार जागी येतो, आणि सारवलेल्या जमिनीवर झोपलेल्या माणसाची गोधडी त्याला तशीच जागा वाटते. झोपेत कूस बदलताना त्याच्यावर हात किंवा मान पडली की तो चावतो.

साडेचारला मुलगी पोट धरून उठली. एक उलटी झाली. आईने ओवा-मीठ दिलं. पाचच्या पुढे ती म्हणायला लागली की घसा दुखतोय. चहाचा घोट घेतला तर तो नाकातून बाहेर आला. घरच्यांना तेव्हा खरी भीती वाटली. वडील शेजारच्या भगताला घेऊन आले.

भगताने अंगारा लावला, आणि विष आहे की नाही ते पाहायला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. आपल्याकडे ही परीक्षा सर्रास होते: पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलंय. कुठे मिरची खायला देतात. मुलीने पाला चावला, कडू लागला म्हणाली, आणि ‘पान लागलेलं नाही’, म्हणजे साप चावलेला नाही, असा निकाल झाला. आता हे नीट समजून घ्यायला हवं. मण्यारीचं विष स्नायूंना हलवणाऱ्या मज्जातंतूंवर हल्ला करतं. जिभेची चव त्याने जात नाही, त्यामुळे पाला कडूच लागणार. शिवाय ज्या पोरीला चहा गिळता येत नाही तिच्या तोंडात पाला कोंबायचा म्हणजे तो श्वासनळीत जायची वाट करून द्यायची. तिला ठसका लागलाच, आणि नीट खोकताही येईना.

यात अर्धा तास गेला. तरी त्या भगतावर राग धरणं मला पटत नाही. पहाटे पाचला, पावसात, वाडीत हाकेसरशी येणारा तोच एक माणूस होता. आमच्या भागात भगतांना बोलावून आम्ही एकच विनंती करतो: तुमचं जे काय करायचं ते गाडीत बसून करा, पण गाडी आधी सुटू द्या. बरेच जण ऐकतात. माणसाला वाचवायची इच्छा त्यांनाही असते.

आशाताईंनी विचारलेले तीन प्रश्न

पावणेसहाला धाकटा भाऊ आशाताईंना घेऊन आला. त्यांनी विचारलं: रात्री कुठं झोपली होती? पोटात कधीपासून दुखतंय? घसा आणि पोट सोडून आणखी काय होतंय? उत्तरं मिळाली: खाली, जमिनीवर. झोपायच्या आधी काही नव्हतं, पहाटे सुरू झालं. डोळ्यांवर झापड येतेय, दोन-दोन दिसतंय.

मग ताईंनी तिला समोर बसवून सांगितलं, “मान न हलवता वर बघ.” बुबुळं वर गेली, पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. रात्रभर झोप न झालेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, पण सांगितल्यावर त्या उघडतात. या उघडत नव्हत्या.

ताईंनी १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका लांब होती, म्हणून वाडीतली जीप काढून तिला घेऊन निघायचं आणि रुग्णवाहिकेला थेट रुग्णालयातच बोलवायचं असं त्यांनी ठरवलं. वाटेतून त्यांचा मला फोन आला: “सर, पोरगी जमिनीवर झोपली होती. चारनंतर पोटात दुखतंय, आता पापण्या पडतायत, गिळता येत नाही. साप कुणी बघितला नाही. आम्ही पाऊण तासात पोचतो.”

या फोनचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. त्या पाऊण तासात सिस्टरनी सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या मोजून बाहेर काढल्या, ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पाहिला, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग आणि श्वासनलिकेत घालायच्या लहान मापाच्या नळ्या टेबलावर मांडल्या. रुग्ण दारात आल्यावर हे सुरू केलं असतं तर पंधरा-वीस मिनिटं तिथेच गेली असती.

जीपमध्येही त्यांनी सगळं नेमकं केलं. मुलीला डाव्या कुशीवर निजवलं, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल, फुप्फुसात जाणार नाही. तोंडाने काही दिलं नाही. आईला तूप पाजायचं होतं, ते थांबवलं. कुठे आवळून बांधलं नाही, कापलं नाही. मण्यारीचं विष दोरी बांधून अडत नाही, आणि घट्ट बांधलेली दोरी हातपाय गमावण्याचं कारण ठरते. आणि सबंध रस्ताभर त्या मुलीशी बोलत राहिल्या.

रुग्णालयात: सहा पन्नास ते आठ दहा

मुलगी शुद्धीवर होती. स्टुलावर बसून ती भुवया कपाळात चढवून, हनुवटी वर उचलून माझ्याकडे पाहत होती, कारण पडलेल्या पापण्यांखालच्या फटीतून तिला तेवढंच दिसत होतं. हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. जीभ ओठांच्या बाहेर येत नव्हती. आवाज नाकातून येत होता. उताणं झोपवून मान उचलायला सांगितली, उचलता आली नाही. हातापायांत ताकद बऱ्यापैकी होती. बुबुळांच्या मधल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. रक्तदाब वयाच्या मानाने जास्त, नाडी जलद. ऑक्सिजनचं प्रमाण ९७ टक्के.

डोक्यापासून तळपायापर्यंत, केस बाजूला करून, बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे टॉर्च लावून खूण शोधली. नव्हती. त्यानंतर शहरातल्या अतिदक्षता विभागातही ती कधी सापडली नाही.

दुसरं काय असू शकतं? शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा विचार आधी करावाच लागतो, पण त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ-फेस येतो, वास येतो. धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात, पण मूल बरळतं, तोंड कोरडं पडतं, आणि पापण्या अशा पडत नाहीत. हातपाय लुळे पडण्याचे काही आजार पायांपासून सुरू होऊन दिवसांच्या हिशेबाने वर चढतात. इथे सगळं पापण्या-घशापासून खाली उतरत होतं, आणि तासांच्या हिशेबाने. रात्री धडधाकट झोपलेलं मूल, जमिनीवरची झोप, पावसाळा, पहाटेची पोटदुखी, मग पापण्या, मग घसा. आपल्या मुलखात हा क्रम दिसला की मण्यार समजून उपचार सुरू करायचे. साप बघितलेला साक्षीदार मिळेपर्यंत थांबायचं नाही.

काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवून दिलं. ते नीट गोठलं. घोणस किंवा फुरशाच्या विषात हे रक्त पातळच राहतं. म्हणजे ही चाचणीही आमच्या अंदाजाशी जुळणारी होती.

सात वाजता लस सुरू केली. भारतात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्र बनवलेली असते. म्हणूनच साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नसते. तो मारण्याच्या नादात दुसऱ्या माणसाला दंश झाल्याची उदाहरणं आहेत. लांबून फोटो मिळाला तर ठीक, तोही वेळ न दवडता. शिवाय बिनविषारी कवड्या हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो. काळपट अंगावर पांढरे पट्टे दोघांनाही. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, मण्यारीचे उलट. घाबरलेल्या माणसाने अंधारात केलेल्या या ओळखीवर उपचार बेतणं योग्य नाही.

पहिला डोस दहा कुप्या. मोठ्या माणसाला जेवढा, तेवढाच लहान मुलाला. नातेवाईक यावर हमखास विचारतात, पोर एवढीशी आणि औषध एवढं? सापाने सोडलेलं विष पोराच्या वयावर ठरत नाही, म्हणून लसही वयावर ठरत नाही.

सव्वासातला तिला हुडहुडी भरली, पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या. लस घोड्याच्या रक्तातून तयार होते, त्यामुळे अशी प्रतिक्रिया येणं अनपेक्षित नसतं. सलाईन थांबवलं, मांडीत ॲड्रेनलिन दिलं. दहा-पंधरा मिनिटांत गांधी ओसरल्या आणि लस हळू वेगाने पुन्हा सुरू केली. या प्रतिक्रियेच्या धास्तीने काही ठिकाणी लस न देताच रुग्ण पुढे पाठवला जातो. लहान रुग्णालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की ॲड्रेनलिन भरून जवळ असेल तर ही प्रतिक्रिया आपल्या हातातली आहे. वाटेत रुग्णवाहिकेत थांबलेला श्वास तसा नसतो.

निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनची इंजेक्शनंही दिली. नागाच्या दंशात या जोडीने पापण्या वर उचललेल्या दिसतात. इथे काही फरक पडला नाही, आणि मण्यारीत तो बहुधा पडत नाहीच.

या सगळ्या वेळात खरी नजर होती ती श्वासावर. तिला सांगितलं होतं, “बाळा, एक मोठा श्वास घे आणि त्यातच जमेल तेवढे आकडे मोज.” पाच मिनिटं कमी सातला ती बावीसपर्यंत गेली. सव्वासातला चौदा. साडेसातनंतर आठच्या पुढे जाता येईना, आणि ते आठही नाकातून आलेले, जेमतेम कळणारे. पल्स ऑक्सिमीटर मात्र ९७, ९६ च दाखवत होता. नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना तो आकडा शेवटच्या घटकेपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. यंत्रावरचा आकडा छान आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या वॉर्डात मण्यारीचे रुग्ण दगावतात. आकडे मोजायला लावणं, मान उचलायला लावणं, छाती किती हलते ते डोळ्यांनी पाहणं, याला पैसे लागत नाहीत आणि वीजही लागत नाही.

पावणेआठला छाती नुसती थरथरल्यासारखी हलत होती. घशात लाळ साठून घरघर सुरू झाली होती. श्वास पूर्ण थांबायची वाट न पाहता झोपेचं औषध देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि अँबू बॅग जोडली. त्याआधी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की आता तुझा श्वास आम्ही घेणार आहोत, तू घाबरू नकोस, तुला हलता येणार नाही पण तू बरी होणार आहेस. हे सांगणं उपचाराचाच भाग आहे. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, मेंदू नाही. ती सगळं ऐकत होती.

हाताने दिलेला श्वास

तोपर्यंत १०८ ची गाडी येऊन थांबली होती. आठ दहाला निघालो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दीड तासावर. गाडीतलं व्हेंटिलेटर खड्ड्यांत सारखं अलार्म द्यायला लागलं, तेव्हा ते काढून ठेवून हातानेच बॅग दाबायचं ठरलं. दर तीन-चार सेकंदांनी एकदा, छाती उचललेली दिसेल एवढीच, मग पूर्ण सोडायची. घाईने भराभर दाबली तर हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही. सिस्टरचा हात भरून आला की वडिलांनी बॅग घ्यायची. आदल्या दिवसापर्यंत भात लावून सुजलेले, नखांत चिखल असलेले त्यांचे हात. त्यांना पहिल्यांदा बॅग दिली तेव्हा ते म्हणाले, “मला जमंल का साहेब?” दोन मिनिटांत त्यांना लय सापडली. पुढे ते बॅग सोडायला तयार नव्हते.

मण्यारदंशात अखेर जीव कशाने वाचतो, तर अशा दिलेल्या श्वासाने. विषातला मुख्य घटक मज्जातंतूंच्या टोकांमध्ये शिरून, स्नायूला निरोप पोचवणारं रसायन साठवणाऱ्या जागाच निकामी करतो. रक्तात फिरणारं विष लस पकडते. टोकांत शिरलेलं तिला बाहेर काढता येत नाही. ती टोकं शरीराला नव्याने बांधावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस फुप्फुसांत हवा जात राहिली तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणून लस लवकर हवी, म्हणजे विष टोकांत शिरण्याआधीच जास्तीत जास्त पकडलं जाईल. आणि म्हणूनच उशीर झाला तर कुप्यांवर कुप्या चढवून उपयोग होत नाही. या मुलीला पुढच्या रुग्णालयात आणखी दहा कुप्या दिल्या, एकूण वीस, आणि तिथे थांबले. वडील मात्र बाहेरून लस विकत आणायला पैसे जमवत होते. “आणखी लागली तर?” त्यांना बसवून समजावावं लागलं की आता औषधापेक्षा मशीन आणि वेळ हेच उपचार आहेत.

‘मेंदू गेला का?’

दुसऱ्या दिवशी ती पूर्ण निश्चल होती. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती, बाहुल्या मोठ्या आणि टॉर्चच्या उजेडालाही न हलणाऱ्या. कोणीतरी घरच्यांना सांगून टाकलं की मेंदू गेला, आता काही अर्थ नाही, घरी घेऊन जा. आईने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, फक्त विचारत होती की नेऊ का.

या क्षणी या आजारात माणसं गमावली जातात, आणि ती वाचण्यासारखी असतात. मण्यारीचं विष पूर्ण चढलेला रुग्ण मेंदू मृत झालेल्या रुग्णासारखाच दिसतो, कारण बाहुली आकुंचन पावायलाही स्नायूच लागतो. बाहेरून केलेल्या तपासणीवर या रुग्णांत मेंदूबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. व्हेंटिलेटर सुरू ठेवायचं, तोंड-डोळ्यांची स्वच्छता करायची, उघड्या राहिलेल्या डोळ्यांत मलम घालून ते झाकायचे, कूस बदलत राहायची, आणि वाट पाहायची. मी आईला म्हटलं, नेऊ नका, तिच्याशी बोला, तिला ऐकू येतंय. शाळेचं, शेळीचं, लावणी कुठवर आली त्याचं, काहीही बोला. तिथल्या डॉक्टरांनीही तेच धरून ठेवलं, हे आवर्जून लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पायाचा अंगठा हलल्याचं दाखवलं. संध्याकाळी हाताची बोटं. चौथ्या दिवशी पापण्या कणभर उघडल्या आणि ती बोटाने ‘हो-नाही’ सांगायला लागली. पाचव्या दिवशी नळी निघाली. आठव्या दिवशी ती चालत घरी गेली, आवाज बसलेला, बाकी ठीक. नंतर तिने आजीला विचारलं की वाघ्या नावाची शेळी खरंच व्याली का. ती बातमी तिला बेशुद्ध समजल्या जाणाऱ्या दिवशी, तिच्या उशाशी बसून आईने सांगितलेली होती.

घरी जाऊन पाहिलं तेव्हा

सर्पमित्राला बरोबर घेऊन आम्ही ते घर पाहिलं. साप सापडला नाही. कुडाच्या पायाशी जमीन आणि भिंत यांच्या मधल्या फटी सापडल्या, कणगीखाली उंदरांची बिळं सापडली, आणि घरातच रचलेलं सरपण तर होतंच. धान्य आहे म्हणून उंदीर, उंदीर आहेत म्हणून साप. फटी चिखल-चुन्याने लिंपायला सांगितल्या, सरपण पडवीत फळीवर उचलून ठेवायला सांगितलं. हे जमण्यासारखं आहे. सगळ्यांना खाटा घ्या असं सांगणं सोपं, पण त्या खोलीत चार खाटा मावत नाहीत.

मच्छरदाणी मात्र मावते. जमिनीवर झोपतानाही तिच्या कडा गोधडीखाली चारी बाजूंनी नीट खोचल्या तर साप आत येत नाही. आग्नेय नेपाळमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना घरातल्या सर्पदंशापासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं होतं. हिवतापासाठी वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाण्या आपल्याकडे कित्येक घरांत घडी करून ठेवलेल्या असतात, उकडतं म्हणून. पावसाळ्याचे चार महिने तरी त्या रोज रात्री लावा, हे मी प्रत्येक वाडीत हात जोडून सांगतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं तर वाडीवर पहाटे पापण्या तपासणारं माणूस हवं, आणि तालुक्याच्या रुग्णालयात नळी घालू शकणारं.

शेवटची भेट

दंशानंतर दहाव्या दिवशी वडील तिला पुन्हा घेऊन आले. ताप, गुडघे आणि मनगटं सुजलेली, अंगावर लाल चट्टे. वाडीत सांगितलं गेलं होतं की विष परत उफाळलं, आता काही खरं नाही. पापण्या उघड्या होत्या, ती नीट गिळत होती, मान उचलत होती, मोठ्या श्वासात चाळीसच्या पुढे मोजत होती. ही लसीची उशिरा येणारी प्रतिक्रिया होती. घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं, त्यातून लस घेतल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी हा त्रास होऊ शकतो. काही दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तो गेला. हे घरी सोडतानाच समजावून सांगायला हवं, तेही कागदावर लिहून, नाहीतर घरचे पुन्हा अंगाऱ्याकडे वळतात. आता आमच्याकडे लस घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेलं असतं: पुढच्या दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर चट्टे आले तर ते लसीमुळे असू शकतात, विष परत चढलेलं नाही, हे कार्ड घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात या.